नियमात बसतं, पण घोडीला सोसतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डॉक्टर तीन वर्षांपासून स्पर्धेच्या घोड्यांवर उपचार करतात. अडथळ्यांवरून उड्या मारणारी एक घोडी पुढच्या डाव्या पायाने किंचित लंगडते आहे. स्पर्धा अठरा दिवसांवर आली आहे. ट्रेनर म्हणतो, "फेटलॉकमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या, मागच्या हंगामातही दिलं होतं." (फेटलॉक म्हणजे खुराच्या वर, नळीच्या हाडाखालचा सांधा.) तोवर औषध अंगातून निघून जाईल, म्हणजे नियम मोडत नाही. सीनियर म्हणतात, देऊन टाक. तरी यांचं मन घेत नाही. "माझं काही चुकतंय का? आणि अशा वेळी रेघ कुठे ओढायची?"

मन घेत नाही हे बरोबरच आहे. इंजेक्शन वाईट असतं म्हणून नव्हे. सांध्यातली इंजेक्शनं मी आयुष्यभर देत आले आहे, आजही देते. पण तुमच्या हकिगतीत लंगडणं आहे, औषध आहे, तारीख आहे आणि निदान कुठेच नाही. नेमकं काय दुखतंय हे कुणी शोधलेलं दिसत नाही. फेटलॉक हे ट्रेनरचं अनुमान आहे, आणि तुमच्या हातात सिरिंज देऊन त्या अनुमानावर तुमची सही घेतली जाते आहे.

या धंद्यात येणारा प्रत्येक जण नैतिक प्रश्न म्हटला की डोपिंगच समजतो. ते प्रश्न खरं तर सोपे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत शर्यतीच्या घोड्यांना चोरून औषधं दिल्याच्या प्रकरणात २७ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांत ट्रेनर होते तसे पशुवैद्यही होते, आणि त्यांतल्या एका पशुवैद्याला पुढे ११ वर्षांची शिक्षा झाली. असं काही करायला सांगितलं तर काय उत्तर द्यायचं हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. अवघड जातं ते कायदेशीर औषध, ओळखीचा ट्रेनर, चांगल्या स्वभावाचा मालक आणि "थोडंसंच" लंगडणारा घोडा असला की.

एक प्रसंग सांगते, तो तुमच्याही वाट्याला येईल. लंगडणारा घोडा कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकीने पळवायचा. दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. मग टाचेच्या गोळ्यांच्या जरा वर, दोन्ही बाजूंना, मेपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध थोडंथोडं सोडायचं. पाचेक मिनिटांनी बॉलपेनचं टोक टाचेवर दाबून बघायचं. पाय झटकला नाही, म्हणजे बधिर झाला. पुन्हा दुडकी. आणि आत्तापर्यंत मान टाकत चालणारा घोडा तुमच्यासमोरून सुरेख, एकसारख्या ठेक्यात पळत जातो. पुष्कळदा त्याच क्षणी तो दुसऱ्या पुढच्या पायाने लंगडायला लागतो, कारण दुखत दोन्ही पायांत होतं, जास्तीच्या दुखण्याने कमीचं झाकलं होतं.

तुमच्या दृष्टीने ही तपासणी झाली. दुखणं टाचेच्या भागात आहे एवढं कळलं. पण कुंपणाला टेकून बघणारा रायडर काय म्हणतो? "डॉक्टर, हे असंच ठेवता येईल का?"

हे वाक्य मी निरनिराळ्या तोंडांतून इतक्यांदा ऐकलं आहे की आता रागही येत नाही. विचारणारा दुष्ट नसतो. त्याला दिसतं ते एवढंच, की घोडा लंगडत होता आणि आता लंगडत नाही. त्याच्या लेखी तो बरा झाला. टाचेतलं हाड किंवा कंडरा होता तसाच आहे, फक्त त्याची ओरड बंद केली आहे, हे त्याला दिसत नाही. ते त्याला त्याच जागी, घोड्याचा लगाम हातात असताना सांगणं हे तुमचं काम. बधिर पायाचा घोडा पाय जपून टाकत नाही. नस कायमची कापून हीच अवस्था करता येते, ती शस्त्रक्रिया जुनी आणि माहितीतली आहे, आणि नेमक्या याच कारणाने नस कापलेल्या घोड्याला एफईआय म्हणजे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांत उतरता येत नाही. कुरणात निवांत राहणाऱ्या घोड्यासाठी मात्र तीच शस्त्रक्रिया दयेची ठरू शकते. उपचार तोच, पण त्यानंतर घोड्याकडून काय करून घेणार आहात त्यावर तो योग्य की अयोग्य ते ठरतं.

स्टेरॉइडचंही तसंच. ट्रायम्सिनोलोन हे सांध्यात द्यायचं स्टेरॉइड तिथली सूज उतरवतं, आणि सूज हीच सांध्याची वैरीण असेल तर ते खरंखुरं औषध आहे. त्यासोबत विश्रांती दिली, काम हळूहळू वाढवलं, नाल आणि जमीन बघितली, तर घोड्याचं भलंच होतं. पण जिथे दुखण्याचं मूळ सांध्याबाहेर आहे, तिथे सांधा शांत करून तुम्ही घोड्याला भलत्या ठिकाणी जोर लावायला मोकळं करता.

माझ्याकडून असं एकदा झालं आहे. अकरा वर्षांची कुमैत घोडी, मोठ्या मनाची, अडथळा दिसला की कान टवकारणारी. पुढच्या उजव्या फेटलॉकला थोडा फुगवटा. एकाच हंगामात मी त्या सांध्यात तिसरं इंजेक्शन दिलं. पहिल्या वेळी एक्स-रे काढला होता. दुसऱ्या वेळी "तोच सांधा, तेच दुखणं" म्हणून दिलं. तिसऱ्या वेळी तर ट्रेनरच्या फोनवरच ठरलं. फेटलॉकला मागून तोलून धरणारा पट्टा, म्हणजे सस्पेन्सरी लिगामेंट, त्याचा स्कॅन एकदाही केला नाही. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी एका रुंद अडथळ्यावरून उतरताना ती त्या पायावर आली आणि फेटलॉक जमिनीला टेकतो की काय इतका खाली गेला. लिगामेंटची आतली फांदी फाटली होती. सगळं नियमात होतं, नमुना तपासला असता तर स्वच्छ निघाला असता. ती पुन्हा कधी उडी मारू शकली नाही. नंतर तिचा मोतद्दार मला म्हणाला, "महिनाभर ती तो पाय पुढे टाकूनच उभी राहायची." मी त्याला विचारलंच नव्हतं.

त्या घोडीनंतर मी स्वतःला एक प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. ही स्पर्धा आज रद्द झाली, तर हाच उपचार, याच सांध्यात, याच आठवड्यात मी करेन का? उत्तर हो असेल तर उपचार घोड्यासाठी आहे, बिनधास्त करा. उत्तर "नाही, मग आधी महिनाभर विश्रांती देऊन बघितलं असतं" असं असेल, तर तुम्ही कॅलेंडरवर उपचार करताय. तुमच्या घोडीबाबत हा प्रश्न विचारून बघा.

आता नियमांबद्दल, कारण तुमचे सीनियर त्यांचाच आधार घेतायत. नियम कशासाठी असतात ते ओळखून त्यांच्याकडे बघा. स्पर्धेच्या दिवशी घोड्याच्या रक्तात किंवा लघवीत काय आहे, हे ते विचारतात. सांध्याच्या कूर्चेत काय आहे हे त्यांना कळत नाही. एफईआयच्या यादीत दोन कप्पे आहेत: कधीच देऊ नयेत असे बंदी घातलेले पदार्थ, आणि उपचारासाठी द्यावेत पण स्पर्धेच्या वेळी अंगात नसावेत असे नियंत्रित पदार्थ. तुमचं स्टेरॉइड दुसऱ्या कप्प्यातलं. त्यासाठी छापलेला असतो तो डिटेक्शन टाइम, म्हणजे औषध तपासणीत किती काळ सापडतं तो अवधी. फेनिलब्युटाझोनचा, म्हणजे आपल्या रोजच्या वेदनाशामक ब्यूटचा, तो १६८ तास, सात दिवस आहे. हा आकडा मोजक्या घोड्यांवर, ठरावीक डोस देऊन काढलेला असतो. तुमचा घोडा त्या घोड्यांपेक्षा सावकाश औषध बाहेर टाकणारा असू शकतो. म्हणून त्यावर स्वतःच्या जबाबदारीने आणखी दिवस वाढवायचे असतात आणि तो विड्रॉवल टाइम ठरवणारे तुम्ही असता, महासंघ नव्हे. नवे डॉक्टर हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि तिथेच फसतात.

फसण्याची किंमत केवढी असते याची जुनी-नवी दोन्ही उदाहरणं आहेत. १९६८ मध्ये डान्सर्स इमेज हा घोडा केंटकी डर्बी ही अमेरिकेतली नावाजलेली शर्यत जिंकला आणि ब्यूट सापडल्यामुळे त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं. २०२१ चा डर्बी विजेता मेडिना स्पिरिट याच्या रक्तात मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम बीटामेथासोन हे स्टेरॉइड सापडलं आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत तोही बाद झाला. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दोन्ही औषधं घोड्यांच्या डॉक्टरच्या रोजच्या पेटीतली आहेत. अमेरिकेतल्या शर्यतींच्या नव्या केंद्रीय नियमांत आता सांध्यातल्या स्टेरॉइडनंतर १४ दिवस शर्यत नाही. ही मुदत मला आवडते, कारण ती नुसती रक्ताची नाही. दुखणं दबलेल्या सांध्यावर लगेच पूर्ण जोर येऊ नये, हा विचार तिच्यामागे आहे. पण तुमचे अठरा दिवस या चौदांपेक्षा जास्त आहेत म्हणून घोडीचा पाय बरा झाला असं होत नाही.

नियमांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी फार सोवळी वाटेन. औषधबंदी कडक झाली की घोड्याला हक्काचं औषधही मिळेनासं होतं. अंतिम फेरीच्या आदल्या रात्री अकराला मला बोलावलं होतं. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरत होता, सारखा वळून कुशीकडे बघत होता, छातीला घाम. नाडी ५६. निवांत घोड्याची चाळिसाच्या आसपास, बहुधा त्याहूनही खाली असते. पोटशूळ. रायडर म्हणाला, "फिरवतो रात्रभर, सकाळी बघू. फ्लुनिक्झिन दिलंत तर उद्याचं संपलं." हे वेदनाशामक मी दिलं, अधिकारी पशुवैद्याला कळवून दिलं. पहाटे घोड्याने लीद टाकली आणि गवत मागायला लागला. त्यावर रायडरचं म्हणणं, "बघा, उगाच दिलंत." आता यावर काय बोलणार? औषधामुळे बरा झाला की आपोआप झाला असता, हे मला कधीच कळणार नाही. पण रात्री अकराला माझ्यासमोर होता तो दुखणारा घोडा होता, आणि ज्या घोड्याला औषधाची गरज आहे त्याने दुसऱ्या दिवशी उड्या मारायच्या नसतात, इतकं ते सरळ आहे.

"मी नाही दिलं तर दुसरा देईल" हा तुमच्या सीनियरचा पुढचा मुद्दा असेल. खरं आहे, देईल. माझ्याकडून दोन मोठे तबेले या कारणाने गेले. एक चार वर्षांनी परत आला, दुसरा आलाच नाही. पैशाचं नुकसान झालं, ते झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण दुसरा देईल म्हणून मी द्यावं, हे मान्य केलं की तबेल्यात सगळ्यात कमी विचार करणारा डॉक्टर सगळ्यांची पातळी ठरवतो. शिवाय एक व्यवहारी गोष्ट: ट्रेनर तुम्हाला पगार देत नाही, मालक देतो, आणि बहुतेक वेळा मालकाला यातलं काही माहीतच नसतं. ट्रेनरच्या फोनवरून इंजेक्शन ठरतं, बिल मालकाकडे जातं. मालकाला स्वतः फोन करून "याने आठ महिने विश्रांतीची वेळ येऊ शकते" हे वाक्य ऐकवा. ट्रेनरचा आग्रह बऱ्याचदा तिथेच विरघळतो. मालक आपल्या लाडक्या जनावराबद्दल ट्रेनरपेक्षा हळवा असतो, आणि त्याचा पैसाही त्यात अडकलेला असतो. दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत.

भूमिकांची सरमिसळ हा याच झाडाला आलेला दुसरा फाटा. ज्या घोड्यावर तुम्ही उपचार करता, त्याच घोड्याची खरेदीपूर्व तपासणी तुम्ही करायची नाही. विकणारा तुमचा जुना गिऱ्हाईक असेल तर त्याच्या संमतीने जुन्या नोंदी खरेदीदाराला दाखवा आणि तपासणी दुसऱ्याकडे पाठवा. संमती देत नसेल तर खरेदीदाराला एवढंच सांगा, की मी ही तपासणी करू शकत नाही. तो शहाणा असेल तर समजेल. एन्ड्युरन्ससारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तर हे आणखी टोकदार होतं. तिथे टप्प्याटप्प्यावर नियंत्रक पशुवैद्य नाडी मोजतात, ती ठरलेल्या वेळात ६४ पर्यंत उतरली नाही की घोडा बाहेर. चाल बिघडली तरी बाहेर. त्या रांगेत उभं राहून आपल्याच तबेल्याच्या घोड्याला बाद करणं किती जणांना जमतं? म्हणून त्या रांगेत आपण असूच नये. एका दिवशी एकच टोपी.

स्पर्धेआधी सरसकट टोचल्या जाणाऱ्या "ताकदीच्या" इंजेक्शनांबद्दल थोडक्यातच. जीवनसत्त्वं, सेलेनियम, काय काय मिसळून देतात, आजार काही नसताना. एप्रिल २००९ मध्ये फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला एका पोलो संघाचे २१ घोडे सामन्याच्या सुमारास एकामागून एक कोसळून मेले. मागणीनुसार बनवून घेतलेल्या मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं. चूक मिश्रणाची होती, मान्य. पण त्या घोड्यांपैकी एकालाही त्या इंजेक्शनाची वैद्यकीय गरज होती का, हा प्रश्न उरतोच. गरज नसलेल्या औषधाचा धोका किती का लहान असेना, तो घोड्याने का सोसावा?

शेवटच्या निर्णयाबद्दलही तुम्हाला कधीतरी विचारलं जाईल. विमा असलेल्या घोड्याचा पाय मैदानावर मोडला, हाड कातडीबाहेर आलं, तर विमा कंपनीच्या फोनची वाट बघायची नाही. असह्य वेदना आणि सुधारण्याची आशा नाही, एवढं पुरेसं आहे. शक्य असेल तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, फोटो घ्या, सगळं लिहा, पण आधी वेदना थांबवा. याच्या उलटही असतं: सुधारू शकणारा घोडा केवळ पुढे स्पर्धेच्या कामाचा नाही म्हणून संपवा, असं मालक म्हणतो. आणि मधली अवस्था सगळ्यात जड. शर्यतीचा घोडा बार्बारो आठवतो. मे २००६ मध्ये अमेरिकेतल्या प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा पाय चुरला. मालकांनी पैशाकडे बघितलं नाही, उत्तम शल्यविशारदांनी आठ महिने झुंज दिली, आणि लॅमिनायटिसने, म्हणजे खुरांच्या आतल्या सुजेने, जानेवारी २००७ मध्ये त्याला जाऊ द्यावं लागलं. ते प्रयत्न करायला नको होते असं मला वाटत नाही. वेदना आवाक्यात होती तोवर केले, ती आवाक्याबाहेर गेली तेव्हा थांबले. थांबायची खूण आधीच ठरवून, मालकासमोर बोलून ठेवावी. त्या वेळी ठरवायला बसलात तर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

तुमच्या घोडीकडे परत येते. "किंचित" या शब्दावर विश्वास ठेवू नका. घोडा दुखणं झाकणारा प्राणी आहे आणि आपल्या डोळ्यांना ओळखीच्या घोड्याची वाकडी चाल सरळ वाटायला लागते. स्वाराखाली असताना बघा. घोड्यांच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी वेदना ओळखण्यासाठी २४ वर्तनखुणांची यादी केली आहे: कान मागे, तोंड उघडं, शेपटी झटकणं, डोळ्यांतली ताठर नजर वगैरे. त्यांतल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता दाट. मग टप्प्याटप्प्याने ब्लॉक, म्हणजे वर सांगितलं तसं पायाचा एकेक भाग बधिर करून बघणं, मग एक्स-रे, आणि सस्पेन्सरीचा स्कॅन काही झालं तरी. मागच्या हंगामातलं इंजेक्शन कोणत्या तारखेला, कुणी, कोणत्या औषधाचं दिलं आणि त्यानंतर किती दिवस विश्रांती मिळाली, हे कागदावर मागा. कागद नसेल तर तेच तुमचं पहिलं उत्तर आहे. सगळं बघून सांधाच दोषी निघाला, तर इंजेक्शन द्या, विश्रांती लिहून द्या आणि ही स्पर्धा गेली असं स्पष्ट सांगा. सांधा दोषी नसेल तर सीनियरना स्कॅन दाखवा. तरीही ते "देऊन टाक" म्हणाले, तर त्यांना म्हणा, नोंदवहीत तुमच्या सहीने तुम्ही द्या. माझ्या अनुभवात इथे बहुतेक जण पुन्हा एकदा स्कॅन बघतात.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, उद्या सकाळी जरा लवकर जा. ट्रेनर यायच्या आत तिच्या मोतद्दाराला गाठा आणि विचारा, रात्रभर उभी राहिल्यावर तबेल्याबाहेर काढताना ती पहिली दहा पावलं कशी टाकते.